गुन्हा सांगून केलेली क्षमा

मिरजेत घरोघरी केबल येत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. माझ्या मुलीचं लग्न साताऱ्याच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं चर्चमध्ये मंडळीसमोर वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, विचारतात. दुसऱ्या रविवारी नावं वाचून झाली. उपासना सुटल्यावर माझी थोरली जाऊ चर्चच्या दारातच मुलाच्या आईला म्हणाली, "पोरगी चांगली हाय, पर तिला फिट येत्यात. सांगितल्यालं बरं." तिसऱ्या रविवारी नावं वाचलीच नाहीत. सगळ्या बाकांवरून माना आमच्याकडे वळल्या.

माझ्या मुलीला जन्मात कधी फिट आली नाही. जावेला ते स्थळ तिच्या भाचीसाठी हवं होतं. भाचीलाही ते मिळालं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' ही ओळ आली की मी तोंड मिटून घ्यायची. देवापुढे खोटं कशाला बोलू? मनात राग ठेवून प्रभुभोजन घेऊ नये, असं मला लहानपणी शिकवलेलं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळे भाकर आणि पेला घ्यायला पुढे जायचे, मी बाकावर बसून राहायची. जाऊ मात्र पदर सावरून सगळ्यांत पुढे! आणि लोक नावं ठेवायचे मला. कठीण काळजाची बाई म्हणे.

वर्षभरानं चर्चचे पाळक घरी आले. चहा प्यायले आणि म्हणाले, "मावशी, प्रभूनं वधस्तंभावरून क्षमा केली. तुम्हाला एवढंसं जमत नाही?"

"एवढंसं? वरीस झालं, माझ्या पोरीला बघाया कोण येत न्हाई. तुमी अक्काच्या घरी गेलता का?"

"त्यांच्या मनात काही नाही, म्हणतात."

"त्यांच्या मनात कसं असंल? समदं माझ्या दारात आणून टाकलंय."

मुलगी आतून ऐकत होती. पाळक गेल्यावर म्हणाली, "आई, तू क्षमा कर, न्हाईतर नगं करू. पर मला फिट येत न्हाईत, एवढं तरी कुणी बोला की गं."

वर्षभरात कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी नुसती रुसून बसले होते.

पुढच्या प्रभुभोजनाआधी सगळे रीतीप्रमाणे 'शांती असो' म्हणत एकमेकांना हात देत होते. जाऊ हसत हसत माझ्याकडे आली. मी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"अक्का, माझ्या लेकीला फिट येत्यात म्हणून तुमी खोटं सांगितलं. तिचं लगीन मोडलं. त्याची मी तुमाला क्षमा करते."

"आगं, हितं कशाला काढतीस?"

"हितंच मोडलं न्हवं?"

मागं कुणीतरी खोकललं. जाऊ खाली बघत म्हणाली, "चुकलं माजं. सोड हात."

सोडला. वर्षभरानं भाकर घेतली. शेजारी मुलगी होती.

पाळक नंतर म्हणाले, हळू बोलायला हवं होतं. का म्हणून? मुलीची मान सगळ्यांदेखत खाली गेली, आणि क्षमा तेवढी कानात सांगायची? जावेवर आता माझा राग नाही. राग आहे तो बाकांवरच्या मंडळींवर. पोरगी त्यांच्यासमोर लहानाची मोठी झाली, तिला फिट येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांची क्षमा अजून बाकी आहे. एकेकाला गाठून सांगावं लागेल.