गुरुदास मास्तरांचा नकार

जामसंड्याच्या शाळेत गुरुदास मास्तर गणित शिकवायचे, आणि गणितात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. त्यामुळे गावाने एक समजूत करून घेतली होती, की ज्याला गणित येतं त्याला सगळंच येतं. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, पोराला मुंबईला धाडावं की नाही, सगळं मास्तरांना विचारून. मास्तरांनाही ते आवडायचं. खोटं कशाला सांगा!

१९५८ साली सत्यवान आणि धोंडू हे सख्खे भाऊ आंब्याच्या बागेची वाटणी करून मागायला आले. मास्तरांनी एकेका कलमाचं वय धरलं, फळ धरलं, जमिनीचा उतार धरला, आणि कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही अशी वाटणी केली. त्यांची बायको सुभद्रा आतून ऐकत होती. तिचे पाढे बाराच्या पुढे कधी गेले नव्हते आणि तिला त्याची लाजही नव्हती.

भाऊ गेल्यावर ती म्हणाली, "अवो, आधी दोघांका एका पंगतीत जेवूक बसवा. वाटणी मगे. धोंडूच्या पोटात कायतरी आसा. तो भावाच्या तोंडाकडे बघणा नाय."

"वाटणी झाडांची आसा, तोंडांची नाय," मास्तर हसले.

पुढच्या थंडीत सत्यवानच्या वाट्याला गेलेलं कडेचं कलम मोहोराने भरलं, आणि धोंडूने ते कुऱ्हाडीने बुंध्यातून तोडलं. बापाने ते धोंडूच्या बारशाला लावलं होतं. मागून घ्यायची त्याला लाज वाटली होती, आणि मास्तरांनी विचारलं नव्हतं.

गावकरी समजूत घालायला आले. "मास्तर, तुमचो हिशोब बरोबर होतो. भावच नालायक."

मास्तर भडकलेच. "हिशोब बरोबर होतो आणि झाड आडवा पडला! मगे तो हिशोब काय चाटूचो? माका गणित येता. माणसांचा माका कायेक कळणा नाय. ह्यापुढे असला काय घेवन माझ्याकडे येव नका."

लोकांना वाटलं, राग ओसरेल. ओसरला नाही.

दोन वर्षांनी देवाची पालखी आधी कुठल्या वाडीत न्यायची यावरून दोन वाड्या हातघाईवर आल्या. गावचे पुढारी भाई दोन्हीकडची माणसं घेऊन मास्तरांच्या ओटीवर आले. मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "सुभद्रेक इचारा."

"बायलमाणसाक? सगळ्या गावान?" भाईंचा आवाज चढला. "आमचो अपमान करतास, मास्तर!"

"दात दुखलो तर सुताराकडे जातास? तुमका नको तर वाट मोकळी आसा."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. शिक्षकाने असं बोलून शाळेची शोभा करू नये, म्हणाले. मास्तर शुद्ध मराठीत उत्तरले, "फळ्यावर माझी चूक काढून दाखवा, उद्यापासून खडू हातात धरणार नाही. पण फळ्याबाहेर मला शहाणा ठरवायचा अधिकार गावाला कुणी दिला?"

पालखीचा दिवस जवळ येत चालला, तसे भाई मुकाट्याने पुन्हा आले. सुभद्रेने निवाडा असा दिलाच नाही. ती दोन्ही वाड्यांत घरोघर बसली, बायकांचं ऐकलं. खालच्या वाडीतली म्हातारी यशोदा गेली तेव्हा वरच्या वाडीतून खांदा द्यायला कुणी आलं नव्हतं. सल ती होती, पालखी नुसतं निमित्त. सुभद्रा वरच्या वाडीतल्या जाणत्यांना घेऊन यशोदेच्या मुलाच्या दारात गेली. चार जण त्याच्यापुढे खाली मान घालून बसले. मग पालखीचं त्यांचं त्यांनीच ठरवलं.

सत्यवान-धोंडूचं मात्र तिलाही जुळवता आलं नाही. तिने पुष्कळ खटपट केली. फार उशीर झाला होता.

मास्तर निवृत्त होईपर्यंत लोक येतच राहिले. मास्तर उंबऱ्यातच विचारायचे, "त्रैराशिक आसा काय?" नसलं की आत हाक मारायचे, "सुभद्रा, तुझ्याकडचा काम इला गो!" काही जण त्यावर रागावून परत फिरायचे. मास्तर त्यांना थांबवायचे नाहीत.