दातांत धरलेला पेचकस

तोंडाचा मी फटकळ, हे समद्या अक्कलकोट रोडला ठाऊक हाय. पण दीड वर्सं एका माणसापुढं मी तोंड मिटून बसलो, अन् ते बी नको तितं. त्याचीच ही गोष्ट.

माझं लेथचं दुकान अन् समोर मल्लप्पाचं गॅरेज. मधी बारा हाताचा रस्ता. मल्लप्पा मैंदर्गीचा, घरात कन्नड, गिऱ्हाइकासंगं मराठी. तरणेपणी दहा वर्सं गिरणीच्या इंजिनघरात काढली, मग गॅरेज टाकलं. बायको सिद्धम्मा वारली. लेक हेमावती लगीन होऊन गुलबर्ग्याकडं गेली. मग गॅरेजातच खाट अन् गॅरेजातच स्टो. सणाच्या दिवशी आमच्या घरातनं पुरणाचा वास सुटायचा अन् हा आपला कुणाचं तरी इंजिन उघडून बसलेला.

त्याची एक रीत व्हती. इंजिन चालू करायचं, लांब पेचकसाचं टोक त्याला टेकवायचं अन् मूठ दातांत धरायची. डोळं मिटून उभा ऱ्हायचा अन् आत काय बिघडलंय ते बिनचूक सांगायचा. दुसरे मिस्त्री पेचकस कानाला लावतात. मी एकदा इचारलं, तर म्हणला, दातानं बारीक कळतं. म्हणलं, असंल बाबा, ज्याची त्याची खोड.

सिलिंडर बोअर करणं, रॉडच्या भोकात बुशाची पितळी कडी बसवणं माझ्याकडं, जोडणं त्याच्याकडं. पिस्टन रॉडला जोडणारी पिन त्या बुशात नीट बसती का, हे मातर दोघं मिळून बघायचो. मी रॉड धरायचो, तो तेल लावून पिन अंगठ्यानं रेटायचा. रेटली तर सरकली पायजे, सोडली तर आपणहून पडता कामा नये. इतकी वर्सं ही तपासणी कधी चुकली न्हाय.

अन् रोज सकाळी शटर उघडलं की मी रस्त्यापल्याड राम राम घालायचो, तो हात वर करायचा. एक दिस त्यानं हात केला न्हाय. दुसऱ्या दिशी बी न्हाय. बॉनेटात डोकं घालून बसलेला, मान सुदीक वळवंना. आठ दिस वाट बघितली. मग माझं टकुरं सरकलं. म्हणलं, चार मोठी गिऱ्हाइकं काय आली, गड्याला माज चढला. तुझ्यावाचून माझं काय अडतंय? त्या दिसापासनं मी त्याच्याकडं बघायचंच सोडलं. काम चालू ऱ्हायलं, पण मुक्यानं. तो सामान फडक्यात बांधून, वर खडूनं माप लिहून माझ्या कट्ट्यावर ठेवायचा. मी काम करून त्याच्या कट्ट्यावर ठेवायचो.

चौऱ्याहत्तर साली श्रीपूरच्या मानसिंगनं मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप आणली. त्याला उसाची ट्रॉली चिखलातनं वढायची व्हती, अन् जीप तर मोकळी असून बी धापा टाकत व्हती. मल्लप्पानं ठरवलं, बोअर वाढवायचा, मोठं पिस्टन घालायचं, हेड घासून कंप्रेशन वाढवायचं. इंजिन जमलं तर साखर कारखान्यावरच्या गाड्या तुझ्याकडंच लावतो, असं मानसिंग चारचौघांत म्हणला व्हता. मोठी गिऱ्हाइकं तवर तुटली व्हती, त्या दिसांत मल्लप्पाच्या दारात दुसरी गाडीच नव्हती.

मी बोअर केला, हेड घासलं, चारी रॉडला नवं बुश घातलं. पिन? पिन एकट्यानंच रेटली. रागाच्या भरात बघितली न बघितली अन् ठेवली नेऊन.

मानसिंग दुसऱ्या दिशी यायचा व्हता. आदल्या दिशी सकाळी मल्लप्पानं जोडलेलं इंजिन चालू केलं अन् मी लेथ बंद केलं. आतनं ठोका येत व्हता. टक-टक, टक-टक. रस्त्यानं जाणारा सायकलवाला बी वळून बघत व्हता. अन् हा बाबा खुशाल फडक्यानं हात पुसत हसत व्हता!

आधी वाटलं, बरी जिरली. मग ध्यानात आलं, बोअर माझा, बुश माझं. गावभर बोंब माझ्या नावानं व्हणार. तसाच रस्ता वलांडला अन् त्याच्या पाठीमागं उभा ऱ्हाऊन वरडलो, "बहिरा झालास काय रं?"

तो वळला न्हाय. आणिक एकदा वरडलो. तो गुणगुणत नट आवळत ऱ्हायला. खांद्याला हात लावला तवा केवढ्यानं तरी दचकला. माझं तोंड बघून त्याला समदं कळलं. इंजिन बंद केलं, तोंडातनं कवळी काढली अन् तळहातावर धरली. त्याच साली हेमावतीनं हट्ट करून त्याचं किडकं दात काढून घेतलं व्हतं.

"कान कवाच गेलते," तो बोबडं बोलला. "दातावर भागत होतं. कवळीतनं काय कळत न्हाई. मानसिंगला सांगू नको, जोतीराम. इंजिन यायचं बंद झालं, तर माझ्या दारात कोन येनार?"

बोलून उपेग नव्हता. इंजिन परत चालू केलं अन् त्याच्या पाठीवर दोन बोटांनी तो ठोका जसाच्या तसा वाजवला. दोन-दोन, जरा थांबून दोन-दोन. त्यानं डोळं मिटलं. जुना मल्लप्पा जागा झाला. एकेका प्लगची वायर काढून एकेक सिलिंडर बंद करत गेला अन् मी वाजवत गेलो. तिसऱ्याला ठोका दबला अन् माझी बोटं थांबली.

"पिन," तो म्हणला. "तिसरी पिन ढिली हाय."

इंजिन उतरवलं, रॉड काढला. पिन हातात धरायच्या आधीच घसरून खाली पडली. दोष माझा व्हता. त्यानं पिन उचलून फडक्यानं पुसली. नवं बुश घातलं, मी रॉड धरला, त्यानं अंगठ्यानं पिन रेटली. दीड वर्सानं. सांजच्याला इंजिन सुरळीत चाललं, अन् मी त्याच्या पाठीवर हात नुस्ता ठेवून दिला.

सकाळी मानसिंग खुशीत जीप घिऊन गेला. धुरळा बसला तवा मी मल्लप्पाला समोर धरून, तोंड मोठं करून माफी मागितली. म्हणलं, राम रामला जबाब देईनास म्हणून मी रुसलो, मला काय ठाऊक.

तो माझं ओठ वाचत व्हता.

"रुसलास व्हय?" तो म्हणला. "मला वाटलं, तुला माझं कळलंय. बहिऱ्यासंगं कशाला बोला, म्हणून सोडलास. रोज मान वर करून बघायचो, तुझं तोंड हलतंय का."

मी शटर उघडायला माघारी फिरलो, पण रस्ता काय वलांडवंना. तितंच त्याच्या कट्ट्यावर बसलो.