भरतीआधीची दाढ

पोर रडत दातांच्या खुर्चीजवळ आलं की नसीम मॅडम स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसायच्या. छोटा आरसा पोराच्या हातात द्यायच्या आणि भला मोठा आ करून म्हणायच्या, "आधी तू माझे दात बघ, मग मी तुझे बघते." पोर रडायचं विसरून डॉक्टरच्या तोंडात डोकवायचं. मागं एक जागा मोकळी दिसायची. "ही शाळेत असताना काढली. लय घाई केली घरच्यांनी," एवढं सांगून मॅडम उठायच्या. तोवर बाहेरची रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली असायची आणि लोकांची बोलणी मी खायची. मी तिथली नर्स.

आमचा सरकारी दवाखाना कडेगाव तालुक्यातला. शाळांतून तपासणीची गाडी फिरते, दात किडलेली पोरं आमच्याकडं पाठवली जातात, आणि अठरा वर्षांपर्यंत सगळं मोफत. पण मोफत म्हटलं की लोकांना फक्त उपटणं ठाऊक. मॅडम हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, राहायला सांगलीत विश्रामबागला, रोज एसटीनं ये-जा. त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "उपटायचं मागनं बोलू, आधी ब्रश कसा करतोस ते दाखव." मशेरी लावून आलेल्या पोराच्या तर आजीलाही आत बोलवायच्या आणि दोघांची मिळून हजेरी घ्यायच्या. गोड बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

लष्कराची भरती जवळ आली की आमच्याकडं दाढा काढून घ्यायची साथच येते. किडका दात दिसला की मेडिकलला बाद करतात, असा गावोगाव समज. अशाच एका हंगामात सर्जेराव फौजी लेकीला घेऊन आले. पूनम बारावीला होती आणि मिलिटरी पोलिसात जायचं म्हणून तिनं घरात धोशा लावला होता. खालच्या दाढेला ही एवढी कीड.

"उपटून टाका मॅडम," फौजी म्हणाले. "फौजेत उमर गेली माझी. मला सगळं म्हाईत हाय."

"आवं फौजी, मेडिकलला दातांना मार्क असत्यात. उपटली की तिचा मार्क गेला. नीट भरून घेतली तर चालतीया."

"भरतीत मी गेलो हुतो का तुमी?"

"तुमीच. पण दातांचं मी शिकले."

मला हसू फुटलं, फौजी मात्र लालबुंद झाले. शेवटी पूनमच म्हणाली, "आप्पा, त्या म्हणत्यात तर भरून घिऊ की."

दाढ मुळापासून साफ करून भरायची म्हणजे रूट कॅनाल, आणि त्याला हेलपाटे फार. ऊसतोड चालू असल्यानं पूनम एकटीच यायची. दुखणं थांबलं तशा बाईसाहेब यायच्याच बंद झाल्या. दाढ अर्धवट उघडी! निरोप धाडून उपयोग होईना, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मॅडम मला घेऊन थेट तिच्या कॉलेजात गेल्या. वर्गाच्या दारातूनच ओरडल्या, "पूनम, अर्धी दाढ सोडून कुठं पळालीस गं? चल!" अख्खा वर्ग खिदळला. पोरगी रडकुंडीला आली. मला ते अजिबात आवडलं नाही आणि मी तसं तोंडावर बोललेही. "हसू देत की," मॅडम म्हणाल्या, "दाढ तर पुरी हुईल." ती झालीही.

आणि भरतीला पूनम धावण्यातच बाद झाली. मेडिकलपर्यंत पोचलीच नाही. फौजी तणतणत दवाखान्यात आले. "एवढं हेलपाटं घातलं, काय उपेग झाला? पोरीला तोंड उघडायची पाळीच आली न्हाई!"

पूनम मागं भिंतीला टेकून उभी होती, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता तरी या बाईनं चार शब्द मायेचे बोलावेत. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं आणि दाढेवर टकटक केलं.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मग पळायला लाग. वरीसभर पळलीस तर दम वाढंल. दाढ काढली असती तर ती काय वरसानं परत आली नसती."

चपला घालता घालता फौजींनी एवढंच विचारलं, "कडक खाल्लं तर चालतंय का तिला?"

"चालतंय. दोन्ही बाजूनं खाऊ दे."

पुढं मॅडमची साताऱ्याकडं बदली झाली. पूनम वर्षभर पहाटे डांबरी रस्त्यावर पळत होती, हे कानावर यायचं. एक दिवस बापलेक पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर. धावण्यात पास, मेडिकलला दातांसकट पास! पण खुर्चीजवळ नवे डॉक्टर बघून फौजींचा चेहराच उतरला. मी मॅडमना फोन लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, पोरगी लागली बगा..." फौजींनी फोन लेकीच्या हातात दिला.

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण या बाईला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझेही डोळे भरले.

"पेढा खाल्लास?" मॅडमनी विचारलं.

"व्हय मॅडम."

"मग फोन ठेव आणि आधी चूळ भर जा."