द्र तोडायचा नाही

भांडुपच्या अंगणवाडीत बावीस वर्षं ‘क-म-ळ, तीन टाळ्या’ असं पोरांकडून घोकून घेणाऱ्या शेवंती परबांना कुठली भाषा धक्का देईल असं कधी वाटलं नव्हतं. लेकीच्या फ्रेंचने तो दिला.

रुचिरा नर्स. कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात नोकरी जवळजवळ ठरलेली, पण तोंडी परीक्षेत दोनदा आपटलेली. आता ही शेवटची खेप होती. पुस्तकात बघून ती एक वाक्य म्हणायची आणि मोबाइलमधली बाई तेच वाक्य भलतंच काहीतरी म्हणायची.

शेवंतीबाईंनी पुस्तकात डोकं घातलं. “शेवटी ‘एस’ दिसतोय ना?”

“आहे, पण बोलायचा नाही.”

“अगो, मगे लिवला कित्याक?” त्या हबकल्याच. इतकी अक्षरं फुकट घालवणारी माणसं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

मग त्यांनी पुस्तकच मिटायला लावलं. मोबाइलमधल्या बाईचं नुसतं ऐकलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून काढलं: झ-न-र-व्यँ-द्रे-पा. सहा टाळ्या.

“रव्यँद... रे,” रुचिरा अडखळली.

“द्र तोडायचा नाही! द्राक्ष म्हणताना तोडतेस काय?”

रुचिरा आ वासून बघत राहिली. फ्रेंचच्या क्लासमधल्या सरांनी वर्षभर हाच नियम इंग्रजीतून समजावला होता. आईने तो एका द्राक्षात आटपला.

पंधरा दिवस भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना मायलेकींच्या सहा टाळ्या चालल्या. शेजारच्या रुक्मिणीकाकूंनाही वाक्य पाठ झालं.

परीक्षेच्या सकाळी रुचिराने ते एका दमात, स्वच्छ म्हटलं. शेवंतीबाईंचा ऊर भरून आला.

“झकास! आता अर्थ तरी सांग. पंधरा दिवस कसली आरती म्हणतोय आपण?”

रुचिरा चपलेचा पट्टा उगाच लावत राहिली. “ते विचारतात ना, पुन्हा भारतात राहायला येणार का म्हणून. त्याचं उत्तर आहे. ‘मी परत येणार नाही.’”

शेवंतीबाईंनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. आपणच टाळ्या वाजवून हे लेकीच्या तोंडी बसवलं होतं.

“जाते गं,” रुचिरा दारातून म्हणाली.

त्या घरातून ‘जाते’ म्हणून कुणी कधी बाहेर पडलं नव्हतं.

“येते म्हण,” शेवंतीबाई कशाबशा म्हणाल्या.

“ये-ते.”

दोनच टाळ्यांचा शब्द. पण शेवंतीबाईंचे हात उचलले गेले नाहीत.