अर्धा डोंगर

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा कोलकात्याजवळ बजबजच्या तेल डेपोत नोकरीला आणि युनियनचे कार्यकर्ते. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांतल्या मागण्यांवर. त्यामुळे मराठी मंडळाच्या गणपतीसाठी मागचा डोंगराचा पडदा रंगवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी ठरवलं, खोटा डोंगर काढायचा नाही.

इथल्या मराठी मुलांचा डोंगर म्हणजे दार्जिलिंगचा, टोकाला बर्फ. मला काढायचा होता आईच्या माहेरचा, सपाट माथ्याचा. गेल्या उन्हाळ्यात गेलो तर खडी काढणाऱ्यांनी तो निम्मा खाल्ला होता. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ काप, धुळीने पांढरा. आई एसटीच्या थांब्यावर उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "चल, ऊन लागतंय." हा काप मंडळातल्या प्रत्येकाला दिसावा, एवढंच मला हवं होतं.

न्यू टाउनचं माझं ऑफिस सुटलं की थेट मंडळाचा हॉल, अशा चार संध्याकाळी गेल्या. मागच्या डोंगररांगा पुढच्यांइतक्याच गडद होत होत्या. डोंगर कसला, भिंत. रंगात पाणी घालून घालून त्या फिक्या केल्या. काप मात्र ठसठशीत पांढरा ठेवला.

शेवटच्या दिवशी मंडळाचे सचिव आले. चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.

"वा, धबधबा झकास जमलाय."

"धबधबा नाही काका, खाण आहे. डोंगर कापलाय."

"असू दे गं. गणपतीत खाण कोण काढतं?"

ते जायच्या आत मी पिवळा रंग घेतला आणि कापाच्या पायथ्याशी पोकलेन काढलं, दातेरी बादलीसकट.

"हे काय आता?"

"डोंगर हेच खातंय."

काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "राहू दे. पोरांना असली यंत्रं आवडतात."

दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी आईबरोबर पोचले, तर सजावटवाल्यांनी पायथ्याशी कापूस चिकटवलेला. पाण्याचा फेस म्हणे. पोकलेन अर्धं त्यात बुडालं होतं. मी गुडघ्यांवर बसून कापूस ओरबाडायला लागले.

"अगं, लोक आलेत," मागून काका म्हणाले. "शोभा करू नकोस."

कापसाबरोबर रंगाचेही पोपडे निघत होते. मी थांबले नाही. आईने हातातलं प्रसादाचं ताट काकांकडे दिलं, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकापासून कापूस काढायला लागली.