‘थांब गो’ आणि वेळेआधी झालेला अंधार

हर्षालीची फेरपरीक्षा येत्या रविवारी संध्याकाळी कोपरीतच होणार, हे काल देसाई सरांनी फोनवर पक्कं केलं. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एका कम्युनिटी कॉलेजात सर नाट्यतंत्र शिकवतात आणि हर्षाली त्यांची विद्यार्थिनी. पहिल्या परीक्षेत ती एका अक्षरामुळे नापास झाली. त्या वेळी मी मागच्या रांगेत बसले होते.

खरं तर मी पुण्याहून निघाले ते वेगळ्याच कारणाने. ‘डोंगर-किल्ले झाले, आता गुडघे नको म्हणतात, काही शिकता येईल अशा जागा सुचवा,’ असं तुमच्यापैकी बरेच जण लिहितात. या कॉलेजचे वर्ग तीन ठिकाणी विखुरलेले आहेत: कोपरीत नाट्यतंत्र, कल्याणला सहाध्यायी शिकवणी (म्हणजे विद्यार्थ्यांनीच एकमेकांना शिकवायचं) आणि खडवलीला वाइनचा अभ्यासक्रम. वयाची वरची अट नाही आणि आधी कळवलं तर एखादा दिवस वर्गात नुसतं बसूही देतात. शनिवार-रविवारची सहल म्हणून मला हे पुरेसं होतं.

बोरिवलीला जाणाऱ्या बसने मला शनिवारी सकाळी माजिवड्याला उतरवलं. तिथून रिक्षा करा, पण आधी ‘कोपरी, पूर्वेला’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर पश्चिमेला स्टेशनसमोर सोडून मोकळे होतात. कोपरीत सकाळच्या वेळी पोचलात तर दाल-पकवान खा. पकवान कुरकुरीत हवं, म्हणून डाळ वेगळी मागून घ्या. मी मागितली नाही आणि शेवटी मऊ पडलेलं पकवान चमच्याने खाल्लं.

वर्ग म्हणजे एक जुना सभागृहवजा हॉल. रंगमंच छोटा, पण दिवे, पडदे, ध्वनी सगळं नीट. शिकायला येणाऱ्यांमध्ये रिक्षाचालक आहे, निवृत्त बँकवाले आहेत, दोन गृहिणी आहेत. कोणी शिडीवर चढून दिवा वळवतंय, कोणी खालून ‘डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे!’ म्हणून ओरडतंय. इथे नट घडवत नाहीत. नट ज्या उजेडात उभे राहतात तो उजेड घडवतात, आणि ते इतकं मन लावून की बघतच राहावं.

हर्षाली कल्याणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. तिच्या सासरचे पूर्वी भातशेती करायचे, माहेरचे मिठागरात होते. आता दोन्हीकडे चाळी भाड्याने दिल्यात. घरी म्हणजे आगरी बोली. वर्गात मात्र ती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायची. एका नाटक मंडळीने तिला कोकण दौऱ्यावर न्यायचं ठरवलं होतं, पण प्रमाणपत्र हातात असेल तरच.

त्या संध्याकाळची परीक्षा अशी: हॉलच्या मागे काचेच्या खोलीत बसून हर्षालीने कानाला हेडसेट लावून पूर्ण एकांकिका चालवायची. म्हणजे कुठला दिवा कधी बदलायचा, ते दिव्यांच्या बटणांवर बसलेल्या मैत्रिणीला सांगायचं. मैत्रीण म्हणजे डोंबिवलीची प्राजक्ता. ती उशिरा दाखल झाली होती, म्हणून सहाध्यायी शिकवणीत हर्षालीनेच तिला दिव्यांचं सगळं काम शिकवलं होतं. आधी ‘तयार’, मग ‘गो’. ‘गो’ ऐकलं की बोट खाली. विचार करायचा नाही.

एकांकिका दोन बहिणींची होती. बापाची जमीन विकायची का, एवढाच प्रश्न. शेवटी थोरली उठते, दारापर्यंत जाते, लांब थांबते, मग एक वाक्य बोलते आणि अंधार. प्रयोग सुरेख चालला होता. थोरली दारापाशी थांबली. आणि ती बोलायच्या आधीच सगळे दिवे गेले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, संपलं. टाळ्या विरता विरता काळोखातून थोरलीचा आवाज आला, “नाही विकायची.” माझ्या शेजारचे आजोबा बायकोला म्हणाले, “काय दिग्दर्शन आहे बघ! अंधारात बोलायला लावलं!”

काचेच्या खोलीत मात्र वेगळंच घडलं होतं, ते मला नंतर कळलं. प्राजक्ताचं बोट त्या लांब थांब्यात बटणाकडे सरकताना हर्षालीला दिसलं. घाबरून ती हेडसेटमध्ये कुजबुजली, “थांब गो, अजून नाय!”

हे ‘गो’ म्हणजे आगरीतलं ‘अगं’. प्राजक्ताला फक्त ‘गो’ ऐकू आलं. बोट खाली गेलं.

“मी काय करू?” प्राजक्ता जवळजवळ रडत होती. “तूच शिकवलंयस ना, विचार करायचा नाही म्हणून!”

“अगं पण मी थांब बोलली!”

“ते नंतर कळलं मला!”

देसाई सर शांत माणूस. बाहेर लोक अभिनंदन करत होते, तरी ते म्हणाले, “चुकीला टाळी मिळाली म्हणून ती बरोबर होत नाही. हर्षाली, तुझी शिकवणी पास. प्रयोग नापास.”

रात्री लॉजवर मला वाटत राहिलं, की एवढ्या प्रयत्नाने जपलेली भाषा घाबरल्यावर गळून पडते आणि खालून आपली निघते. यात नापास करण्यासारखं काय आहे? पण बटण कोणाच्याही बोलीवर चालत नाही, हेही खरंच.

रविवारी सकाळी ठाण्याहून कल्याण. सहाध्यायी शिकवणीच्या वर्गाची मला सर्वांत जास्त उत्सुकता होती, कारण एकमेकांना शिकवायचं कसं हेच इथे शिकवतात. एक मॅडम असतात, पण कोपऱ्यात. बोलायचं विद्यार्थ्यांनी. आणि एक नियम कडक आहे: ‘तुझं चुकलं’ हे शब्द वापरायचे नाहीत. काय ऐकलं आणि काय केलं, तेवढंच सांगायचं.

हर्षाली आणि प्राजक्ता समोरासमोर बसल्या होत्या. आदल्या संध्याकाळपासून बोलल्या नव्हत्या.

“मी ‘गो’ ऐकलं. मी बटण दाबलं,” प्राजक्ता म्हणाली.

“मी ‘गो’ बोलली ते तुला. बटणाला नाय.”

वर्ग हसला. मग त्या दोघीही. निवृत्त बँकवाले काका म्हणाले, “हर्षाली, परत परीक्षा मिळेपर्यंत ‘गो’ म्हणायचंच नाही. घरीसुद्धा. सवय मोडते.”

“काका, घरी ‘गो’ नाय बोलली तर सासू समजंल मी रुसलेय. मग चार दिवस तिला मनवायची कोणी, तुम्ही येताय?”

काकांनी हात जोडले. पण प्रश्न तसाच राहिला. दौऱ्याची गाडी तिच्यासाठी थांबणार नव्हती, आणि सर फेरपरीक्षा देतील की नाही हेही कोणाला माहीत नव्हतं. हर्षाली खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माना वाटलेला, निदान कोकण तरी बघीन. कामासाठी म्हणून. एका लग्नाला गेलेली तेवढीच.”

जेवायला स्टेशनपासून थोडं आत, एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि सुकट मिळते. वेळेवर जा, दुपार कलली की सुकट संपते आणि मग पनीरवर भागवावं लागतं.

प्राजक्ताचा दुपारी खडवलीला वाइनचा वर्ग होता, म्हणून मी तिच्यासोबतच निघाले. दुपारच्या कसारा गाडीत खिडकी मिळते. खडवलीला उतरून रिक्षाने भातसा नदीच्या बाजूला गेलं की एका शेतघरात हा वर्ग भरतो. द्राक्षं इथली नव्हेत, बाटल्या नाशिककडून येतात. वयाचा दाखला बघूनच आत घेतात.

“घरी काय सांगितलंय?” मी विचारलं.

“हॉटेलचं ट्रेनिंग. खोटं नाही ना! आईला एकदा वास आला, तर म्हटलं व्हिनेगरचा तास होता. ते मात्र खोटं.”

इथे पिणं फारच थोडं. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, पिंपात थुंकायचा. पहिल्यांदा करताना सगळे लाजतात. मीही लाजले आणि चुकून गिळला. शिक्षिका वैदेही मॅडम म्हणाल्या, “पाहुण्यांना माफ आहे.”

त्यांच्या टेबलावर वाट्या होत्या: करवंदं, चिंच, मिरी, रायआवळे, शहाळ्याचं पाणी. फळ्यावर दोन रकाने. डावीकडे इंग्रजी पुस्तकातले चवींचे शब्द, उजवीकडे मुलांचे. ‘गूजबेरी’समोर ‘रायआवळा’. बिघडलेल्या बाटलीच्या वासासमोर कोणीतरी लिहिलं होतं, ‘पावसाळ्यातलं गोणपाट’. मी हुंगून पाहिलं. अगदी तेच.

“गूजबेरी इथे कोणी खाल्लेलीच नाही,” मॅडम सांगत होत्या. “पाठ करायचे आणि प्रत्येक वाइनला तेच म्हणायचे. मग मी म्हटलं, आधी तुमचा शब्द. चव पक्की झाली की पुस्तकातला शिका, कारण हॉटेलात गिऱ्हाईक तोच वापरणार. दोन्ही यायला हवेत.”

प्राजक्ताच्या हातातला ग्लास तसाच राहिला. तास संपायची वाट न बघता ती अंगणात गेली आणि तिने हर्षालीला फोन लावला. दारातून मला एकच बाजू ऐकू येत होती. “ऐक. ‘गो’च्या जागी ‘सोड’ म्हण. हो, नदीत दिवा सोडतात ना, त्यातलं सोड... अगं बाहेरचे गो म्हणतात ते म्हणू देत, ते पण शिकू. आधी आपलं तर बसू दे... नाही, सरांशी मी बोलते. तू बोललीस तर परत पुस्तकातलं बोलशील.”

संध्याकाळी कल्याणहून पुण्याची बस पकडली. उपयोगाचं म्हणाल तर एवढं: तिन्ही वर्ग दोन दिवसांत आरामात होतात, मुक्काम ठाण्यात करा, खडवलीची परतीची गाडी आधी बघून ठेवा. आणि वाइनच्या वर्गाला जाताना अत्तर लावू नका, दारातूनच परत पाठवतात.

घरी येऊन आठवडा झाला. इतक्या जागा फिरले, पण शिकणाऱ्याच्या तोंडातल्या शब्दापासून सुरुवात करायला तयार असलेले इतके लोक एकाच सहलीत भेटल्याचं आठवत नाही. देसाई सरांनी प्राजक्ताचं ऐकलं, पण निम्मंच. फेरपरीक्षेत एकांकिकेचा पहिला भाग हर्षाली ‘सोड’ म्हणून चालवेल आणि दुसरा, तो लांब थांबा असलेला, ‘गो’ म्हणून. “बाहेरची मंडळी तिला विचारून शब्द बदलणार नाहीत,” सर म्हणाले. मला हे कठोर वाटलं आणि मग पटलं.

बटणांवर या वेळी दुसरा अनुभवी माणूस बसवायची तयारी सरांनी दाखवली होती. हर्षाली हो म्हणाली असती. पण प्राजक्ताने ती जागा सोडायला नकार दिला. मी तिला फोनवर विचारलं, परत तसंच झालं तर?

“तिने ‘गो’ म्हटलं की मी दाबणार,” ती म्हणाली. “थांबा असो नसो. मी विचार करायला लागले, तर तिने शिकवलं काय मग?”

रविवारी प्रयोग आहे. मंगळवारी पहाटे दौऱ्याची गाडी चिपळूणला निघते, आणि मंडळीने अजून तिच्या जागी कोणाला घेतलेलं नाही.