पाच खड्यांसाठी पुन्हा खाली

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आईला घेऊन सुट्टीला ग्रीसच्या एका बेटावर आलोय. आज अर्धा तास पायवाट उतरून दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर गेलो. ना दुकान, ना छत्र्या, नुसतं निळं पाणी.

आईने तिथले पाच खडे उचलले. आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात आणि त्या न बोलता आणायच्या, म्हणून चढताना ती गप्प.

वर पोचल्यावर पाटी दिसली: इथला एकही दगड नेऊ नका.

"जाऊ दे, पाचच तर आहेत," मी म्हटलं. गुडघ्याला पट्टा बांधलेली आई न बोलता परत उतरली आणि खडे पाण्यात ठेवून आली. मग म्हणाली, "तुमच्या फ्रीमाँटकडे ओढा असेलच की. यंदा दुकानातले खडे नकोत."

तर बे एरियावाल्यांनो, खडे उचलू देतील असा ओढा कुठे आहे? पाचच हवेत. विसर्जनाला तिथेच परत ठेवू.